अंधेरीत टिपलेला आवाज

ध्वनिमुद्रित संगीताचे शौकीन एकत्र बसले की वादाचे तीन विषय ठरलेले असतात. सर्वांत चांगला अल्बम कोणता? स्टुडिओतले गाणे बरे की मैफलीतले? आणि जुने ध्वनिमुद्रण ‘रिमास्टर’ करून नव्याने बाजारात आणले, तर ते सुधारते की बिघडते? नाट्यसंगीताच्या तबकड्या जमवणारे असोत किंवा डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन यांच्यावर जीव टाकणारे असोत, वाद हाच आणि तितकाच कडाक्याचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडून देता येतात. तिसरा प्रश्न मात्र आवडीच्या पलीकडे जातो. जुना आवाज नव्याने मांडणे म्हणजे भूतकाळाची एक प्रत तयार करणे. ती कोणी करायची, कशी करायची आणि तिच्यात काय ठेवायचे, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करायला लंडन-न्यूयॉर्कला जायची गरज नाही. अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल आणि पवई ही आपल्या उपनगरांतली तीन ठिकाणे त्यासाठी पुरेशी आहेत.

सुरुवात अंधेरीपासून करू. वीरा देसाई रोडजवळचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल बहुतेकांना ठाऊक आहे ते मायकेल जॅक्सनमुळे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी तिथे झालेला त्याचा कार्यक्रम अजून लोकांच्या बोलण्यात येतो. पण त्याच्या दीड वर्ष आधी, ८ एप्रिल १९९५ रोजी, याच मैदानावर डीप पर्पल हा इंग्लिश बँड वाजवून गेला. इयन गिलन गात होता, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस आणि गिटारवर स्टीव्ह मोर्स.

यातले शेवटचे नाव महत्त्वाचे. डीप पर्पलचा गिटारवादक म्हणून जग ओळखत होते ते रिची ब्लॅकमोरला. नोव्हेंबर १९९३ मध्ये, दौरा चालू असतानाच, तो बँड सोडून गेला. वेळ निभावून नेण्यासाठी काही महिने जो सॅट्रियानी आला आणि १९९४ च्या अखेरीस मोर्स रुजू झाला. नव्या जुळणीचा पहिला अल्बम ‘पर्पेंडिक्युलर’ बाहेर पडला तो १९९६ मध्ये. म्हणजे अंधेरीच्या प्रेक्षकांनी हा बँड ऐकला तो एका नाजूक क्षणी. जुना नायक गेलेला, नवा अजून कोणाच्या अंगवळणी पडलेला नाही आणि नव्या माणसाबरोबरचा अल्बम अजून यायचा आहे. बँडच्या चरित्रात अशा संधिकाळाचे पुरावे नेहमीच कमी असतात. अंधेरीची ती रात्र मात्र चित्रित आणि ध्वनिमुद्रित झाली. आधी ती डीव्हीडीच्या रूपाने चाहत्यांपर्यंत पोहोचली आणि २०२२ मध्ये इअरम्युझिक या जर्मन कंपनीने ती सीडीवर आणि एलपी तबकड्यांवर पुन्हा प्रसिद्ध केली. योगायोग असा की त्याच वर्षी मोर्सने बँड सोडला. त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा आवाज तिच्या शेवटी जगासमोर आला.

या ध्वनिमुद्रणाचे नाव आहे ‘बॉम्बे कॉलिंग’. नावामागे एक छोटी कथा आहे. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडने ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली होती. डीप पर्पलने तिच्यातली सुरावट उचलली, तिची लय संथ केली आणि त्यातून १९७० च्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या अल्बममधले ‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणे उभे राहिले. ही उचल गिलनने पुढे मोकळेपणाने मान्य केली. दुसऱ्या बाजूनेही परतफेड झाली. त्या अमेरिकन बँडने डीप पर्पलच्या एका रचनेवरून आपली एक रचना बेतली. म्हणजे मुंबईचे नाव या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकाच्या मुळाशी पंचवीस वर्षे आधीपासून होते. आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये हे शहर अधिकृत इंग्रजीत अजून ‘बॉम्बे’च होते. नामांतर त्याच वर्षाच्या अखेरीला झाले. त्या अल्बमचे नाव उच्चारताना आपण नकळत एक तारीखही उच्चारत असतो.

आता या मैदानावर जमलेले श्रोते कुठून आले होते, ते पाहू. रॉक संगीत मुंबईच्या उपनगरांत आले ते मैफलींतून आले नाही. ते प्रतींवरून प्रती काढत आले. कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात परदेशी अल्बमांच्या तबकड्या छापल्या जात. बीटल्सची गाणी तर या कारखान्याने ७८ फेऱ्यांच्या जुन्या पद्धतीच्या तबकड्यांवरही काढली. इंग्लंडमध्ये तोवर ती पद्धत बंद पडली होती. पण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते, वीज सगळीकडे नव्हती, म्हणून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत या तबकड्या निघत राहिल्या. आज जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी मोठ्या किमती मोजतात.

सत्तरच्या दशकाअखेरीस आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि चित्र बदलले. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावते. त्यामुळे नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूवर एक संपूर्ण एलपी आणि दुसऱ्या बाजूवर दुसरी, असा हिशेब जमून गेला. बोरिवलीच्या एखाद्या मुलाच्या काकांनी परदेशातून एलपी आणली की तिची कॅसेट निघे, त्या कॅसेटची दुसरी कॅसेट कॉलेजात फिरे, तिच्यावरून तिसरी मुलुंडला पोहोचे. गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून दिली की कॅसेट भरून देणारी दुकानेही होती.

या साखळीत आवाजाचे काय होत होते? स्टुडिओतल्या यंत्रावर एक ते दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर वेगाने धावते. कॅसेटमधली फीत ४ मिलिमीटरही रुंद नसते आणि तिचा वेग असतो सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. फीत जितकी अरुंद आणि हळू, तितकी तिच्यावर आवाज साठवायला जागा कमी. प्रत्येक प्रतीबरोबर फितीची सरसर वाढते, झांजांची धार बोथट होते, बेस गिटार कुठेतरी तळाशी विरून जाते. दोन यंत्रांचा वेग एकसारखा नसेल तर गायकाची पट्टीसुद्धा किंचित सरकते. आमच्या पिढीने जे अल्बम तोंडपाठ केले, ते अशा तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरून. त्यामुळे पुढे सीडी आल्यावर अनेकांना धक्काच बसला. ज्या गाण्याचा शब्दन्‌शब्द पाठ होता, त्यात एक अख्खे वाद्य आहे हे पंधरा वर्षांनी कळले!

रिमास्टरच्या वादाची मुळे इथे आहेत. ‘मूळ आवाज असाच होता’ असे आपण ठामपणे म्हणतो, तेव्हा बहुधा आपण आपल्या कॅसेटचा आवाज आठवत असतो. मूळ फीत आपण कधी ऐकलेलीच नसते.

इथे शब्दांचा गोंधळ दूर करायला हवा. स्टुडिओत गायन, गिटार, ड्रम्स हे वेगवेगळ्या पट्ट्यांवर टिपले जातात. त्या सगळ्या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून दोन वाहिन्यांचे एक गाणे तयार करणे म्हणजे मिक्सिंग. अशा तयार गाण्यांना क्रम लावणे, त्यांची पातळी आणि पोत सारखा करणे आणि तबकडी किंवा सीडीसाठी अंतिम प्रत बनवणे म्हणजे मास्टरिंग. मिक्स केलेली जुनी फीत घेऊन ही शेवटची पायरी पुन्हा केली की तो रिमास्टर. थेट सुट्या पट्ट्यांपर्यंत मागे जाऊन प्रमाणच नव्याने ठरवले, तर तो रिमिक्स. पहिल्यात जुन्या चित्रावरची धूळ पुसली जाते. दुसऱ्यात चित्रातल्या माणसांच्या जागा बदलू शकतात. जाहिरातीत मात्र दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि चाहत्यांची निम्मी भांडणे तिथेच जन्माला येतात.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरांनंतर तीनशे वर्षे पोथीवरून पोथी उतरवली जात होती आणि प्रत्येक लेखनिकाबरोबर पाठ थोडा थोडा सरकत होता. कॅसेटवरून कॅसेट काढल्यासारखेच हे झाले. एकनाथांनी उपलब्ध प्रती पाहिल्या, पाठ निश्चित केला आणि आपल्या पदरची ओवी यात कोणी मिसळू नये, असे पुढच्यांना बजावले. रिमास्टर करणाऱ्याचा धर्म याहून वेगळा नाही. उत्तमातली उत्तम फीत शोधायची, मधल्या प्रतींनी घातलेला मळ काढायचा आणि स्वतःची ओवी घालायची नाही.

अडचण अशी की बाजाराला हा धर्म मानवत नाही. सीडीचे युग पुढे सरकले तशी कंपन्यांमध्ये आवाज चढवण्याची चढाओढ लागली. गाण्यातल्या हळू जागा वर उचलायच्या, मोठ्या जागा दाबायच्या, म्हणजे सगळे गाणे एकाच मोठ्या पातळीवर ओरडत राहते. रेडिओवर किंवा गाडीत ते चटकन कानात भरते, पण घरी शांतपणे ऐकले तर कान थकतात. २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा हे भांडण जगजाहीर झाले. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा कमी दाबलेली आणि अधिक मोकळी असल्याचे चाहत्यांनी दाखवून दिले आणि अल्बम पुन्हा मास्टर करावा म्हणून सह्यांची मोहीम काढली. सामान्य श्रोत्यांनी केवळ आवाजाच्या पोतासाठी असा आग्रह धरावा, ही रॉकच्या इतिहासातली उल्लेखनीय घटना आहे.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात हा प्रश्न आणखी गुंततो, कारण तिथे मुळात ‘खरे’ काय, हेच ठरवावे लागते. डीप पर्पलचेच उदाहरण घेऊ. त्यांचा ‘मेड इन जपान’ हा अल्बम मैफलीच्या ध्वनिमुद्रणांचा मानदंड समजला जातो. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ला ओसाका आणि १७ ऑगस्टला टोकियो, अशा तीन रात्री मार्टिन बर्च या अभियंत्याने टिपल्या. अल्बम मुळात फक्त जपानसाठी काढायचा होता. तो जगभर गाजला तो त्याच्या प्रामाणिकपणासाठी, कारण नंतर स्टुडिओत बसून चुका झाकण्याचा उद्योग त्यात जवळजवळ केलेला नव्हता. तरीही बारकाईने पाहिले तर त्यातले ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचे आहे, ‘लेझी’ टोकियोचे आहे आणि बाकीचे बरेचसे दुसऱ्या रात्रीचे. म्हणजे ज्या क्रमाने आपण ती मैफल पन्नास वर्षे ऐकत आलो, त्या क्रमाने आणि त्या रूपात ती कुठल्याच रात्री झालेली नाही. प्रामाणिक अल्बमची ही कथा, तर बाकीच्यांची काय सांगावी! कित्येक गाजलेल्या ‘लाइव्ह’ अल्बमांत गायन आणि गिटार मागाहून स्टुडिओत भरलेले आहे.

मग मैफलीच्या ध्वनिमुद्रणात अस्सल असे काय उरते? माझ्या मते श्रोते उरतात. वादकाची चूक दुरुस्त करता येते, पण एखाद्या जागेवर हजारो लोक एकदम का ओरडले, हे बनवता येत नाही. आपल्याकडच्या खासगी मैफलींच्या स्पूल टेप ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. गवयाची तान, पुढच्या रांगेतून आलेले ‘क्या बात है’, मध्येच पेल्याचा आवाज, तंबोरा पुन्हा जुळवताना झालेली कुजबुज. कोणी उत्साही माणसाने ही सगळी ‘खरखर’ संगणकावर पुसून टाकली, तर गाणे राहील, पण मैफल जाईल. समेवर दाद देणारा श्रोता त्या संगीताचा भागच असतो. रॉकचेही तसेच आहे.

म्हणून अंधेरीचे ध्वनिमुद्रण मला इतिहासाचे साधन वाटते. १९९५ साली मुंबईतल्या रॉकच्या श्रोत्यांना काय ठाऊक होते आणि ते कशावर कसे उसळत होते, याचा तो पुरावा आहे. वर्तमानपत्रातल्या बातमीतून गर्दी किती होती ते कळते. पण ती गर्दी शब्द जाणणारी होती की नुसती जमलेली, हे ध्वनिफीतच सांगू शकते. तिच्या पुढच्या रिमास्टरमध्ये कोणी गिटारीसाठी प्रेक्षकांचा आवाज खाली ओढला, तर जगाच्या दृष्टीने तो किरकोळ बदल असेल. आपल्या दृष्टीने तो पुरावा पुसणे ठरेल.

अंधेरीहून दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुलाकडे येऊ. मिठी नदीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभे केलेले हे संकुल मुंबई उपनगर जिल्ह्यातच मोडते. तिथल्या एमएमआरडीए मैदानावर फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अखंड सादर केला. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, आयर्न मेडनने आपल्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जागतिक दौऱ्याचा नारळ तिथेच फोडला. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. बँड, तंत्रज्ञ आणि सामान घेऊन निघालेले बोइंग ७५७ तो स्वतः चालवत होता. या दौऱ्यावर ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट निघाला आणि २००९ मध्ये त्याच नावाचा दुहेरी लाइव्ह अल्बमही. त्यातले प्रत्येक गाणे वेगळ्या शहरात टिपलेले आहे आणि त्यातले पहिले गाणे, ‘एसेस हाय’, मुंबईचे आहे.

त्या गाण्याआधी चर्चिलच्या १९४० च्या युद्धकालीन भाषणाचा तुकडा वाजतो. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला आयुष्यभर विरोध करणाऱ्या माणसाच्या आवाजाने मुंबईच्या उपनगरातली मैफल सुरू व्हावी आणि साठ वर्षांच्या स्वतंत्र देशातल्या तरुणांनी ते शब्द म्हणजे आवडत्या गाण्याची वर्दी म्हणून घ्यावेत, यात इतिहासाची केवढी उलथापालथ आहे! आणखी एक धागा आहे. आयर्न मेडनचे ऐंशीच्या दशकातले प्रमुख अल्बम, ‘एसेस हाय’ ज्यात आहे तो १९८४ चा ‘पॉवरस्लेव्ह’ धरून, मार्टिन बर्चनेच घडवले. ‘मेड इन जपान’ टिपणारा हाच तो माणूस.

तिसरे ठिकाण पवई. आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ हा महोत्सव सत्तरच्या दशकापासून चालत आला आहे आणि त्यातली ‘लाइव्हवायर’ ही रॉक बँडांची स्पर्धा अनेकांना रॉकच्या पहिल्या प्रत्यक्ष ओळखीची जागा ठरली. डिसेंबर २००९ मध्ये तिथे पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड आला. त्याचा म्होरक्या स्टीव्हन विल्सन. त्याच सुमारास विल्सनने किंग क्रिम्सनचे जुने अल्बम मूळ सुट्या पट्ट्यांवरून नव्याने मिक्स करायला घेतले होते. पुढे जेथ्रो टल, येस अशा बँडांचे कामही त्याच्याकडे आले आणि जुन्या रॉक ध्वनिमुद्रणांच्या पुनर्रचनेत त्याचे नाव प्रमाण मानले जाऊ लागले. त्याची शिस्त थोडक्यात अशी, की जुन्या मिक्समधले प्रत्येक गाणे पुनःपुन्हा ऐकायचे, मूळ प्रमाण शक्य तितके राखायचे आणि मग फक्त गढूळपणा काढायचा. नाथांच्या शिस्तीच्या जवळ जाणारी ही शिस्त आहे.

मुंबईच्या स्टुडिओतले काही आवाजही असेच फिरून आपल्याकडे आले आहेत. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करत होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे तेव्हाचे तरुण वादक त्या सत्रांत होते. तिथेच ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत तयार झाले आणि मार्चमध्ये ते बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूवर आले. त्याच गाण्याचा एक निव्वळ वाद्यांचा पर्यायी ‘टेक’ २०१४ च्या नव्या आवृत्तीत प्रथमच बाहेर पडला. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन गेले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती फीत कपाटात राहिली. चोरट्या प्रती चाहत्यांत वर्षानुवर्षे हिंडल्या. अखेर पेजने बँडचे सगळे अल्बम रिमास्टर करायला घेतले, तेव्हा २०१५ च्या ‘कोडा’च्या आवृत्तीत ती दोन्ही गाणी ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाने अधिकृतपणे आली. मुंबईतल्या काही तासांच्या कामाला प्रकाशात यायला ४३ वर्षे लागली, पण ते आले. कारण कोणीतरी फीत जपली होती.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. पाहुण्यांचे आवाज राहिले. घरच्यांचे कुठे आहेत?

नंदू भेंडे यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा हा मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईतल्या रॉकचा आघाडीचा गायक होता. अलेक पदमसींच्या १९७४ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जुडास उभा केला. पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेलांच्या १९७८ च्या प्रयोगात, त्याने रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर आणला. अॅटॉमिक फॉरेस्ट या बँडबरोबर तो गात असे. या बँडच्या नावावर एकच एलपी, ‘ऑब्सेशन ७७’. ती निघाली १९८१ मध्ये, बँड पांगल्यानंतर, आणि फारशी कोणाच्या लक्षातही आली नाही. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, नाऊ-अगेन या अमेरिकन कंपनीने ती शोधून पुन्हा काढली, तेव्हा परदेशातल्या श्रोत्यांना मुंबईत असा बँड होऊन गेल्याचे कळले. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. मुंबईतल्या रॉकचा एवढा महत्त्वाचा दस्तऐवज मुंबईबाहेरच्या माणसाला जपावासा वाटला, याचा आनंद मानायचा की आणखी काही, ते आपण ठरवावे.

१९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन हा बँड त्या मानाने नशीबवान. महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्या या बँडने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे १९९३ मध्ये नाव बदलून तो इंडस क्रीड झाला. पण या बँडची आणि त्याच्या बरोबरीच्या अनेकांची खरी ओळख धोबीतलावच्या रंगभवनात होती. १९८६ पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. उपनगरांतली पोरे लोकलने मरीन लाइन्सला उतरून तिथे जात. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रंगभवनाच्या मैफली बंद पडल्या. रुग्णांच्या बाजूने पाहिले तर नियमात गैर काही नव्हते. पण महोत्सवाला जागा शोधावी लागली आणि तो अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. रंगभवनाला जाणारी गाडी उलट दिशेने धावू लागली.

या सगळ्या वर्षांत शेकडो बँड आले आणि विरघळले. अनेकांची स्वतःची चार-पाच गाणी होती. त्यांचे अल्बम निघाले नाहीत. जे काही आहे ते ध्वनिक्षेपकाच्या टेबलावरून काढलेल्या कॅसेटवर किंवा एखाद्या मित्राने गर्दीत उभे राहून टिपलेल्या फितीवर आहे. घाटकोपरच्या माळ्यावर, मुलुंडच्या कपाटाच्या वरच्या खणात, बुटांच्या खोक्यांत. ज्या अर्थाने अंधेरीची १९९५ ची रात्र इतिहासात शिल्लक आहे, त्या अर्थाने या बँडांची एकही रात्र शिल्लक नाही. आणि फीत ही वाट पाहणारी गोष्ट नव्हे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी चिकटवून ती बनवलेली असते. मुंबईच्या दमट हवेत तो चिकटा ओलावा शोषतो, फितीवर बुरशी धरते, भुकटी सुटू लागते. ऐकायची यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत.

शास्त्रीय संगीतवाल्यांनी या बाबतीत आपल्याला वाट दाखवली आहे. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या संग्राहकांनी जुन्या तबकड्या जमवल्या, त्यांच्या क्रमांकांवरून तारखा लावल्या, ऐकण्याचे कार्यक्रम केले, लेख लिहिले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता शौकिनांनी हे केले. रॉकच्या शौकिनांकडे तर संगणक आहे, वेळखाऊ वाद घालण्याची हौसही आहे. त्यातला थोडा वेळ इकडे वळला तर?

काम अवघड नाही. घरात अशी कॅसेट असेल तर आधी तिच्यावर काय आहे ते लिहून काढावे, म्हणजे बँड, जागा, तारीख, वाजवणाऱ्यांची नावे. आज ज्याला आठवते तो आणखी वीस वर्षांनी असेलच असे नाही. मग धड चालणाऱ्या डेकवर ती वाजवून संगणकावर उतरवावी. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट वापरतात. जपणुकीसाठी ९६,००० नमुने आणि २४ बिट चांगले, कारण पुढच्या माणसाला काम करायला जागा राहते. उतरवताना काहीही साफ करू नये. सरसर, खरखर, शिट्ट्या, सगळे जसेच्या तसे घ्यावे आणि ती फाइल तशीच वेगळी ठेवावी. साफसफाई करायची ती तिच्या प्रतीवर. आणि उतरवून झाले म्हणून मूळ कॅसेट फेकू नये. उद्याची यंत्रे तिच्यातून आजच्यापेक्षा अधिक काही काढू शकतील.

कोणता अल्बम श्रेष्ठ, कोणता रिमास्टर भिकार, हे वाद खुशाल चालू द्यावेत. तेच तर शौकाचे लक्षण आहे. फक्त वादाला बसताना एक कॅसेट सोबत न्यावी. आपल्याच वॉर्डातल्या, आपल्याच कॉलेजातल्या, आता कोणालाही नाव न आठवणाऱ्या एखाद्या बँडची.